उरलेला डोंगर

एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी चालू होती तेव्हा मी स्मरणचित्रासाठी कृष्णेचा घाट काढला होता. विषय होता 'नदीकाठची सकाळ'. वाईला थंडीत पहाटे नदीवर धुकं उतरलं की पलीकडचा काठ दिसेनासा होतो. ढोल्या गणपतीचं शिखर तेवढं वर दिसतं आणि त्याच्याखाली काहीच नसतं. मी ते 'काहीच नसणं' तसंच ठेवलं, कागद कोरा. चित्रकलेचे सर बराच वेळ कागदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बाळ, आभाळ राहिलं, पाणी राहिलं. कागद मोकळा दिसता कामा नये, मार्क जातात." माझे मार्क जाऊ नयेत, एवढीच त्यांची कळकळ होती. मी निळ्या रंगाचा एक हात फिरवला. धुकं गेलं.

यानंतर तीसेक वर्षांनी नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही वर्षभर चीनमध्ये, हांगझोउला राहिलो. तिथल्या पश्चिम सरोवराच्या काठी झेजियांग प्रांताचं संग्रहालय आहे. एका दुपारी पाऊस लागला म्हणून मी आत शिरले आणि एका लांबलचक काचेच्या पेटीपुढे थांबले. आत एक डोंगर होता. खरं तर डोंगरांची रांगच. एकापाठोपाठ एक चढत, उतरत, मागे सरत, पुन्हा जवळ येत जाणारी. सगळं नुसत्या काळ्या शाईत. डोंगरांच्या पायथ्याला नदी होती, पण नदीसाठी चित्रकारानं एकही रेघ ओढलेली नव्हती. कोरा कागद, त्यावर एक लहानशी होडी, पलीकडे काठावरची थोडी झाडं. तरी पाणी होतं, रुंद होतं आणि संथ होतं. मला सर आठवले. आज ते असते तर मी त्यांना तिथे घेऊन गेले असते.

त्या पेटीत होती ती प्रतिकृती. मूळ चित्र इतकं जुनं आणि नाजूक आहे की ते क्वचितच बाहेर काढतात. ते मूळही एका जागी नाही. एक लहान तुकडा हांगझोउला आहे, जेमतेम 51 सेंटिमीटर रुंद. बाकीचा, सव्वासहा मीटरांहून लांब, समुद्रापलीकडे तैपेईच्या राष्ट्रीय राजप्रासाद संग्रहालयात. लहान तुकड्याचं नाव 'उरलेला डोंगर'. पूर्ण चित्राचं नाव 'फूचुन डोंगरातला निवास', आणि ते काढणारा ह्वांग गोंगवांग.

या माणसाचं नावच मुळी एक वाक्य आहे. तो 1269 मध्ये चांगशू इथे, लू नावाच्या घराण्यात जन्मला. लहानपणी पोरका झाला आणि ह्वांग आडनावाच्या, नव्वदीला आलेल्या एका निपुत्रिक गृहस्थांनी त्याला दत्तक घेतलं. मुलगा घरात आला तेव्हा म्हातारबुवा म्हणाले, ह्वांग कधीचा मुलाची वाट पाहत होता! चिनी भाषेत हे वाक्य सहा अक्षरांचं आहे. पहिली तीन अक्षरं त्याचं नाव झाली आणि पुढची दोन त्याचं दुसरं, आदरानं घ्यायचं नाव.

पुढचं आयुष्य मात्र कुणी वाट पाहावी असं नव्हतं. तो दहा वर्षांचा असताना दक्षिण सोंग राजवट संपली आणि मंगोलांचं युआन राज्य आलं. शिकलेल्या दक्षिणी माणसाला त्या राज्यात कारकुनीपलीकडे फारसं काही मिळत नसे. ह्वांग कारकून झाला, वरचा अधिकारी भ्रष्टाचाराच्या प्रकरणात अडकला आणि त्याच्याबरोबर हाही तुरुंगात गेला. सुटल्यावर नोकरीचा नाद सोडून तो ताओपंथी साधू झाला. लोकांचं भविष्य सांगायचा, डोंगरात भटकायचा. स्वतःला त्यानं जे टोपणनाव घेतलं त्याचा अर्थ 'मोठा खुळा'. मन लावून चित्रं काढायला लागला तो पन्नाशीच्या आसपास. हे मी वाचलं तेव्हा माझी पन्नाशी दोन वर्षांवर आली होती, आणि इंटरमिजिएटनंतर मी ब्रश हातात धरला नव्हता.

फूचुनची गुंडाळी त्यानं 1347 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तरीत सुरू केली. 1350 मध्ये चित्राच्या टोकाला त्यानं काही ओळी लिहिल्या, त्या आजही वाचता येतात. त्यांचा मतितार्थ असा: मी फूचुनच्या डोंगरात परतलो, वूयोंग हा साधुबंधू बरोबर होता. दक्षिणेकडच्या माडीवर रिकाम्या वेळात ब्रश घेतला आणि मन लागेल तसं रचत गेलो. तीन-चार वर्षं झाली तरी पुरं झालेलं नाही, कारण चित्र डोंगरात ठेवून मी बाहेर हिंडत असतो. आता सामानात बरोबर घेतलंय, सकाळ-संध्याकाळ वेळ मिळेल तसं काम करीन. पण वूयोंगला भीती वाटते, की कुणी हे युक्तीनं किंवा जबरदस्तीनं लांबवील. म्हणून त्यानं मला आधीच शेवटी लिहून ठेवायला लावलं, हे कुणाचं आहे ते.

चित्र अपुरं, आणि मालकाचं नाव आधीच! पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा आजोळच्या लाल कापडात बांधलेल्या पोथ्या डोळ्यांसमोर आल्या. त्यांच्या शेवटच्या पानावर लेखनिक तोच श्लोक लिहीत असे: 'तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबंधनात्, मूर्खहस्ते न दातव्यं एवं वदति पुस्तकम्.' तेलापासून जप, पाण्यापासून जप, ढिल्या बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस, असं पुस्तकच सांगतंय. ज्याला वस्तूचं मोल कळतं त्याला तिची काळजीही तितकीच वाटते.

ही लांब चित्रं बघायची रीत वेगळी असते. आपण चित्र म्हटलं की भिंत आणि चौकट डोळ्यांपुढे आणतो. गुंडाळीचित्र भिंतीवर लावायचं नसतंच. ते टेबलावर ठेवायचं, डाव्या हातानं हातभर उलगडायचं, तेवढं बघून झालं की उजव्या हातानं गुंडाळत पुढे सरकायचं. उजवीकडून डावीकडे, त्यांच्या लिपीसारखं. एका वेळी हातभरच. मागचा डोंगर गुंडाळीत गेला, पुढचा अजून आलेला नाही, आणि किती वेळ थांबायचं ते बघणाऱ्यानं ठरवायचं. एखाद-दोन माणसंच एका वेळी बघू शकतात. संग्रहालयातल्या काचेखाली ते सगळं एकदम अंथरलेलं असतं, आणि मला वाटतं त्यात निम्मी मजा जाते. मी त्या पेटीपुढून हळूहळू, एका कडेनं चालत गेले, परत आले, पुन्हा चालत गेले. वारीत एकेक मुक्काम येतो तसे डोंगर येत होते. एका वळणावर झाडी दाट होती, मग एकदम मोकळं पाणी, मग दूरवर फिकट झालेला सुळका आणि त्यानंतर नुसती वाट.

वाचून झालं की गुंडाळीच्या टोकाला कोरा कागद जोडून त्यावर वाचणाऱ्यानं दोन ओळी लिहायच्या, शिक्का उमटवायचा. पुढच्या मालकानं त्याच्यापुढे. एखादं चित्र सहाशे वर्षं फिरलं की त्याच्यामागे लोकांची अशी रांग उभी राहते. चित्रकारानं ब्रश खाली ठेवला म्हणून चित्र संपत नाही, ही गोष्ट मला तिथे उमगली. आपल्याकडे सही चित्रकाराचीच असते.

ह्वांग 1354 मध्ये वारला. वूयोंगची भीती पुढे अनेकदा खरी झाली. पंधराव्या शतकात चित्र शेन झोउ या थोर चित्रकाराकडे होतं. त्यावर चार शब्द लिहून घेण्यासाठी त्यानं ते एकाकडे पाठवलं आणि तिथून ते गायब झालं. पुढे त्याला ते बाजारात विकायला आलेलं दिसलं, पण किंमत परवडेना. तक्रार नाही, भांडण नाही. घरी येऊन 1487 मध्ये त्यानं ती सगळी गुंडाळी आठवणीतून पुन्हा काढली. तेही स्मरणचित्रच! ते बीजिंगच्या प्रासाद संग्रहालयात आहे. पुढे मूळ चित्र त्याच्या एका परिचिताला मिळालं, आणि त्यावर शेन झोउनं स्वतःच्या हातानं ही सगळी हकीगत लिहिली. ज्या चित्राला आपण मुकलो त्याच्यावर मोकळ्या मनानं दोन शब्द लिहायला किती मोठं मन लागत असेल!

1596 मध्ये ते डोंग छीछांग या पंडित-चित्रकाराकडे आलं. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे. त्याच्याकडून ते यीशिंगच्या वू घराण्यात गेलं आणि तिथे ते जळलं.

घराण्यातल्या वू होंगयूचं या गुंडाळीवर इतकं प्रेम होतं की मिंग राजवट कोसळली तेव्हा घरदार सोडून पळताना त्यानं हे चित्र बरोबर नेलं. 1650 मध्ये तो मरणपंथाला लागला आणि त्यानं सांगितलं, माझ्याबरोबर हे जाळा. आदल्या दिवशी एक अनमोल सुलेखनाची गुंडाळी त्याच्यासमोर जाळण्यात आली होती. दुसऱ्या दिवशी फूचुन आगीत टाकली गेली. तो पाठ वळवून आत गेला तेवढ्यात पुतण्यानं आगीत हात घातला, ही गुंडाळी ओढून काढली आणि तिच्या जागी दुसरं चित्र टाकलं. तुकोबांची गाथा इंद्रायणीनं परत दिली, असं ऐकत आपण मोठे झालो. इथे नदी नव्हती, एक माणूस होता आणि त्याचा हात होता.

गुंडाळी आगीत पडली तर काय जळतं? बाहेरचं. गुंडाळलेल्या चित्राची सुरुवात बाहेरच्या वेढ्यात असते, शेवट पोटात. म्हणून ह्वांगच्या चित्राची सुरुवात गेली. जो पहिला डोंगर वाचला तो सुटा झाला, तोच 'उरलेला डोंगर'. लांब भागाच्या आरंभी आजही ठरावीक अंतरानं दुरुस्त केलेली भोकं दिसतात, एकाच ज्वाळेनं वेढ्यामागून वेढा पोळत गेलेली. शेवटच्या ओळींना धक्का लागला नाही. वूयोंगचं नाव सगळ्यात आत होतं.

पुढची गोष्ट शिक्क्यांची. छिंग घराण्याचा सम्राट छियानलोंग हा चित्रांचा मोठा संग्राहक होता. 1745 मध्ये त्याच्याकडे फूचुनची एक गुंडाळी आली. ती नक्कल होती, पण त्याला ती अस्सल वाटली. पुढच्याच वर्षी खरी गुंडाळी दरबारात आली. सम्राटानं दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या आणि खऱ्याला खोटं ठरवलं. ब्रशकाम चांगलं आहे म्हणून ठेवून घेतली इतकंच, आणि ही नक्कल आहे असं टिपण एका दरबाऱ्याकडून तिच्यावर लिहवून घेतलं. नकलेवर मात्र त्याचा जीव जडला. वर्षानुवर्षं तो ती उघडत राहिला आणि पन्नासाहून अधिक वेळा तिच्यावर लिहीत राहिला. मोकळं आभाळ, मोकळं पाणी, सगळं अक्षरांनी भरून गेलं. शिक्कामोर्तब खोट्यावर झालं, आणि म्हणून खऱ्याचं आभाळ मोकळं राहिलं. चूक दुरुस्त झाली ती 1816 च्या सुमारास, त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, राजसंग्रहाची सूची करताना.

मग विसावं शतक. 1933 मध्ये जपानी आक्रमणाच्या भीतीनं बीजिंगच्या राजवाड्यातला संग्रह पेट्यांत भरून दक्षिणेकडे हलवला गेला, आणि यादवी युद्धाच्या शेवटी त्यातला बराच भाग तैवानला गेला. फूचुनचा लांब भाग त्यातच होता. लहान तुकडा शांघायच्या वू हूफान या चित्रकार-संग्राहकानं एक प्राचीन कांस्यपात्र देऊन मिळवला होता, तो 1956 मध्ये हांगझोउच्या संग्रहालयात आला. एक डोंगर एका सत्तेकडे, बाकीचे दुसऱ्या सत्तेकडे. 2011 च्या जूनमध्ये हांगझोउचा तुकडा तैपेईला नेऊन दोन्ही शेजारी मांडले गेले. 361 वर्षांनी. नंतर ज्याचं त्याच्याकडे परत.

या चित्राचं कलेच्या इतिहासात स्थान काय, असं कुणी विचारलं तर मी आधी उलट विचारीन, कुणाच्या इतिहासात? कलेचा इतिहास लिहिण्याची सुरुवात इटलीत 1550 मध्ये वासारी या चित्रकारानं केली, असं आपण ऐकत आलो आहोत. चांग यानयुआननं चीनमधल्या चित्रकारांचा सविस्तर इतिहास 847 मध्ये लिहून पूर्ण केला होता. सातशे वर्षं आधी. त्यात चित्रकारांची चरित्रं आहेत, घराणी आहेत, कुणाची कुठली चित्रं कुठल्या मंदिरात आहेत ते आहे, आणि संग्राहकांच्या शिक्क्यांवरही एक प्रकरण आहे. त्याच्याही तीनेकशे वर्षं आधी शिए ह नावाच्या समीक्षकानं चित्राची सहा तत्त्वं सांगितली. आपल्याकडेही चित्राची सहा अंगं आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. सहा आणि सहा बघून नातं जोडायचा मोह होतो, मलाही झाला. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फरकच जास्त बोलका आहे. आपली यादी रूपापासून सुरू होते, त्यांची श्वासापासून. चित्रात प्राण वाहतोय का, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. हुबेहूबपणा खाली तिसऱ्या क्रमांकावर. अकराव्या शतकातल्या सू शी या कवीनं तर म्हणून ठेवलं, की सारखेपणावरून चित्र पारखणाऱ्याची समज पोरवयाची.

आणि तरी 1901 च्या सुमारास ब्रिटिश वास्तु-इतिहासकार बॅनिस्टर फ्लेचर जगातल्या वास्तुशैलींची विभागणी करतो तेव्हा युरोप 'ऐतिहासिक' ठरतो आणि भारत, चीन, जपान 'अनैतिहासिक'. ज्यांनी इतिहास लिहिला, त्यांनाच इतिहास नाही! हे वाचून मला आजही राग येतो. 1857 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून जी दृष्टी आपल्याकडे झिरपली, तीही मुख्यतः त्याच मुशीतली. छायाप्रकाश, यथार्थदर्शन, भरलेली पार्श्वभूमी. माझ्या सरांपर्यंत तीच आली होती. बंगालनं दुसरी वाट धरली. 1924 मध्ये रवींद्रनाथांबरोबर चित्रकार नंदलाल बोस चीनला जाऊन आले, 1937 मध्ये शांतिनिकेतनात चीना भवन उभं राहिलं, पाठोपाठ शू बेइहोंग हा चिनी चित्रकार तिथे राहायला आला.

आता डोंग छीछांगकडे वळते. चिनी इतिहासलेखनाचं मी कौतुक केलं, पण तेही निष्पक्ष नव्हतं. डोंगनं सगळ्या चित्रकारांची दोन कुळं केली. दक्षिणेचं कुळ पंडितांचं, मनस्वी, ह्वांगसारख्यांचं. उत्तरेचं कुळ दरबारी, कसबी, पोटासाठी काढणाऱ्यांचं. भूगोलाशी संबंध नव्हता, तो सरळसरळ वरचा-खालचा भेद होता आणि पुढची तीनशे वर्षं तो चालला. मा युआन, शिआ गुई यांच्यासारखे मोठे चित्रकार या वाटणीत खाली ढकलले गेले. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं माझं कारण आपल्या डोंगरात आहे.

चिनी चित्रकार डोंगर रंगवत नाही, त्याचा पोत रेघांनी बांधतो, आणि प्रत्येक तऱ्हेच्या डोंगराला वेगळी रेघ असते. ह्वांगची रेघ 'अंबाडीच्या धाग्यां'ची. लांब, सैल, एकमेकींवर अलगद पडलेल्या रेघा. हांगझोउहून आम्ही एकदा बसनं फूयांगला गेलो आणि फूचुन नदी पाहिली. तेव्हा कळलं की ती रेघ त्याला डोंगरांनीच दिली होती. मातीचे, गोलसर, झाडीनं मऊ झालेले डोंगर आहेत ते. पण आपला सह्याद्री तसा नाही. काळा पाषाण, उभे तुटलेले कडे. तिथे अंबाडीचे धागे चालत नाहीत. तिथे हवी 'कुऱ्हाडीच्या घावा'ची रेघ, ब्रश आडवा धरून ओढलेली, रुंद, कोरडी. ती रेघ नेमकी मा युआन आणि शिआ गुई यांच्या हातातली.

वाईला परतल्यावर मी शाई उगाळायला शिकले. काजळी आणि सरस यांची वडी असते, ती दगडावर पाणी घालून उगाळायची. आमच्या देवघरातली जादाची सहाण मी त्यासाठी घेतली. चंदनाला लागतो तितकाच वेळ लागतो, आणि तितक्या वेळात मन बसतं. दाट शाई, पातळ शाई, जवळजवळ पाणीच, अशा पायऱ्या मिळू लागल्या की रंगांची आठवण होत नाही. दोन वर्षं मी पांडवगड काढते आहे. कातळाच्या टोपीला कुऱ्हाडघाव बसतात. खालच्या गवताळ उतारांना, विशेषतः दिवाळीनंतर गवत पिवळं पडतं तेव्हा, अंबाडीचे धागेच लागतात. म्हणजे एकाच डोंगरात दोन्ही कुळं. अडते ती मधल्या थरांवर. लाव्हाचे थरावर थर बसून झालेल्या त्या आडव्या पायऱ्यांसाठी मला अजून रेघ सापडलेली नाही. कोळपणी केलेल्या रानासारखी काहीतरी असावी ती, असं वाटतं.

माझी गुंडाळी डावीकडून उघडते, कारण मी देवनागरी लिहिते. आत्ता चारेक हात झाली आहे. पांडवगडानंतर नदी येते, तिथे कागद कोरा आहे. माझी भाची सुट्टीत येते, शेजारी बसून बघते, आणि गेल्या मे महिन्यात तिनं विचारलं, "आत्या, हे पूर्ण झाल्यावर मला देशील?" कधी पूर्ण होईल ते मला सांगता येईना. मी उजव्या टोकाचा कागद उलगडला, ब्रश ओला केला, आणि गुंडाळीच्या पोटात, सगळ्यात आत, तिचं नाव लिहून ठेवलं.